बटनीचं पार्सल

भाद्रपदात पाऊस आठवडाभर उघडला की आमच्या भागात जमिनीतून वाफ उठते. बसच्या खिडकीतून ती दिसत नाही, पण तोंडावर येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माजलेल्या तरोट्याचा उग्र वास, संत्र्याच्या बागांत गळून पडलेल्या आंबिया बहाराच्या हिरव्या फळांचा आंबूस वास, कपाशीवरच्या फवारणीचा घशात बसणारा वास. पोळा होऊन गेलेला असतो. जाम नदीवर गोटमारीत एकमेकांवर दगड फेकणारी पांढुर्ण्याची आणि सावरगावची गर्दी ओसरलेली असते, काठावर गोटे पडलेले असतात आणि डोक्याला पट्टी बांधलेली माणसं बाजारात शांतपणे भेंडी निवडत असतात. या दिवसांत मला आणखी एक वास येतो, ओल्या वर्तमानपत्राचा. आता घरात कुठेही ओलं वर्तमानपत्र नसतं, तरी येतो.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांचा खरा हंगाम हाच. पावसानं जे काही उगवलं ते आता फुलावर येतं, बी धरतं, आणि दिवाळीच्या आत वाळून मातीत जातं. त्याच्या आधी ते मुळासकट उचलायचं, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचं, टीपकागद घालायचा, लाकडी प्रेसमध्ये पट्टे आवळून दाबायचं. कागद ओले झाले की बदलायचे. रोप पूर्ण वाळलं की जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: कुठे सापडलं, कधी, कोणाला. नीट ठेवलं तर असं पान दोनशे वर्षं टिकतं. मी वर्गात हे वाक्य दरवर्षी म्हणते. एके काळी ते म्हणताना मला अभिमान वाटायचा.

पांढुर्ण्याच्या एका लहान खासगी कॉलेजात मी शिकवते. तिथल्या प्रयोगशाळेत दौलतभाऊ परिचर होते. बोरगावच्या अलीकडच्या एका खेड्यातले. आठवडाभर पांढुर्ण्यात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं गावी जायचे. शिक्षण आठवीपर्यंत. इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण फुलावर न आलेलं गवत नुसत्या पानाच्या बुडाशी बोट फिरवून ओळखायचे. माझ्या आधीचे तीन प्राध्यापक त्यांच्याकडूनच शिकून गेले, आणि तिघांनीही आपल्या प्रबंधात त्यांचे आभार शेवटच्या ओळीत मानले. ते मला मॅडम म्हणायचे. मी वयानं त्यांच्या मुलीएवढी. पण हा माणूस कुणाशी सलगी करणारा नव्हता. त्यांचं प्रेम सगळं झाडांवर आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर.

एका सोमवारी ते जेवणाच्या डब्यात ओलं फडकं घालून एक रोप घेऊन आले.

"मॅडम, हे आपल्या पुस्तकात नाई."

करंगळीएवढं रोप. पानं गवतासारखी, जमिनीसरशी पसरलेली. मधून केसासारखे दांडे आणि प्रत्येक दांड्याच्या टोकावर शर्टाच्या बटणासारखं पांढरं, गोल, घट्ट डोकं. याचे भाऊबंद ओलसर जागी पुष्कळ उगवतात, गेंद म्हणतात त्यांना. पण या बटणाच्या कडेला काजळाची एक बारीक रेघ होती. ती मी कोणत्याच पुस्तकात पाहिली नव्हती. सौंसरहून लोधीखेड्याकडे जाताना डाव्या हाताला एक बरड आहे. नुसता उतरता काळा खडक. त्यातून पावसाळाभर पाणी झिरपतं. तिथे दोन खाटा मावतील एवढ्या जागेत ही रोपं होती. दौलतभाऊंनी आजूबाजूचे सगळे बरड पालथे घातले. दुसरीकडे एकही नाही.

"नाव काय याचं?" मी विचारलं.

"नाव नाई. मी बटनी म्हनतो."

त्या वर्षी मी फोटो काढले आणि या कुळाच्या जाणकार असलेल्या एका परदेशी बाईंना पाठवले. देशाचं नाव लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात त्यांच्या नियमाप्रमाणे त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यांनी लिहिलं होतं की पन्नास वर्षं मी ही रोपं पाहतेय, हे मी पाहिलेलं नाही. पण फोटोवरून काही म्हणता येत नाही. पक्व बी हवं. बियांच्या सालीवरची नक्षी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ही नवी जात आहे असं कोणी मान्य करणार नाही. पुढच्या हंगामात जमतील तेवढे नमुने वाळवून पाठवा.

झाडाला नाव मिळायचं तर त्याचं वाळलेलं शरीर जगात कुठेतरी एका कपाटात असावं लागतं. ते नसेल तर झाड शास्त्राच्या हिशेबी नाहीच. वर्षभर मी त्या एका पत्रावर जगले. देशाबाहेर नमुना पाठवायची परवानगी मागितली, अर्ज केले, परत आलेले अर्ज पुन्हा केले. माझा लेख छापून येईल, त्या रोपाच्या नावाशेजारी कायमचं माझं नाव लागेल, मला कदाचित पक्की नोकरी मिळेल, हे सगळं मी मनात कितीदा पाहिलं असेल. परवानगी श्रावणात आली.

त्याच श्रावणात दौलतभाऊ कमी बोलायला लागले. डबा खोलीवरून आणायचे आणि न उघडता परत न्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "तोंड आलं जरासक." तोंडाला दुपट्टा बांधून काम करायचे. मी एकदा म्हटलं, "डॉक्टरला दाखवा." ते म्हणाले, "बटनीचं झालं की दाखवतो." मी पुन्हा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर ते उत्तर मला सोयीचं होतं.

पितृपक्षात आम्ही बरडावर गेलो. आभाळ स्वच्छ होतं, खडक तापलेला, आणि त्या तापलेल्या खडकावरून पाण्याची पातळ साय सरकत होती. बटनी पिकलेली होती. दौलतभाऊ गुडघ्यावर बसले. खुरप्याचं टोक त्यांनी मुळाखाली असं घातलं की खडकाच्या फटीतली मातीसुद्धा हलली नाही. एकेक रोप उचलून मला द्यायचे, मी ते घडीत ठेवायची. मधेच ते थांबले आणि खुरपं पुसलं.

"इतकेच, मॅडम. बाकीचे राहू द्या."

"अजून हवेत, दौलतभाऊ. त्या बाईंनी जमतील तेवढे म्हटलंय."

"बाईले काय मालूम इथचं? याचं बी इथंच पडते. इथं नाई पडलं तं पुढच्या साली काय उगवीन?"

ते दुपट्ट्याआडून बोलत होते, शब्द जाड येत होते. मी हो म्हटलं. ते खुरपं धुवायला खाली नाल्यावर गेले. नाला तिथून बराच खाली आहे. मी बसले आणि उरलेली रोपं उचलली. भीती होती की बी कमी पडेल, बाई म्हणतील पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा, आणि तोवर दुसऱ्या कोणाला तरी हे रोप सापडेल. हातानंच उपटली. माझ्याकडे खुरपं नव्हतं. दोन रोपं राहिली, त्यांची डोकी तुटून माझ्या हातात आली होती. उपटलेली रोपं आणि ती डोकी मी डायरीत घातली. ते वर आले तेव्हा मी बाटलीतून पाणी पीत होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी घड्या उघडल्या. ते मोजत नसत. पण त्यांना आपण उचललेलं रोप ओळखू येई, कारण त्याची मुळं धुतल्यासारखी साबूत असत. डायरीतली रोपं त्यांनी वेगळी काढली.

"हे कवा घेतले?"

"निघताना."

"समदे घेतले?"

"राहिलेत थोडे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टीपकागदाचा गठ्ठा ओढला आणि कामाला लागले. मी त्या नजरेचा अर्थ तेव्हा लावला नाही, लावायचा नव्हता.

पाऊस परत आला आणि आठ दिवस राहिला. बाहेर पाऊस असला की प्रेस वाळत नाही, बुरशी धरते. दौलतभाऊंनी लाकडी पेटीत बल्ब लावून त्यावर प्रेस ठेवला. दिवसातून तीनदा कागद बदलायचे. काढलेले ओले कागद खोलीभर दोऱ्यांवर टांगलेले असायचे. हिंदी वर्तमानपत्रांच्या पानांवर निवडणुका, अपघात, लग्नाच्या जाहिराती, आणि त्यांच्यामधून वाकून चालणारे दौलतभाऊ. तो वास. सुईच्या टोकानं ते बटनीचा एकेक दांडा सरळ करायचे. एका रोपाचं डोकं सुटलं तर त्यांनी ते कागदाच्या इवल्या पुडीत घालून त्याच पानावर चिकटवलं. सांडलेलं बीसुद्धा असंच पुड्यांमध्ये गेलं. सगळं मिळून सहा पानं झाली. इतकं सुंदर काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. चिठ्ठ्या मी टाइप केल्या. संग्राहक म्हणून आधी माझं नाव, मग त्यांचं.

"कोनाचं नाव हाय?" त्यांनी विचारलं.

"दोघांचं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "एक पान आपल्यापाशी ठेवजा."

यावर आमचं बोलणं झालं. मी म्हटलं की आपल्या कपाटात काय होतं ते तुम्हीच पाहता. मागच्या वर्षीच्या पानांना, पहिल्या बटनीच्याही, कसर लागली, छत गळतं. तिकडे थंड, कोरड्या खोलीत पोलादी कपाटं आहेत. तिथे ही पानं दोनशे वर्षं टिकतील.

"टिकतीन. पन एक इथं पाह्यजे. मी पाहत जाईन त्याच्याकडं."

"तुम्ही निवृत्त झाल्यावर?"

ते दोरीवरचे कागद काढायला वळले. मला वाटलं मी वाद जिंकला. सहाही पानं पार्सलच्या पेटीत गेली.

पेटी घेऊन मी नागपूरला गेले. वनस्पती देशाबाहेर पाठवायची तर तिच्यात कीड, रोग नाही असं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायला एका कार्यालयात अर्ज होता. त्यात एक रकाना: वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव. मी कुळाचं नाव लिहिलं आणि पुढे 'जात अनिश्चित' असं लिहिलं. खिडकीतल्या माणसानं अर्जावर पेन टेकवलं.

"मॅडम, पूर्ण नाव लिहा. तिकडचे अडवतात."

"नाव नाहीच आहे अजून. नाव ठेवण्यासाठीच पाठवतोय."

"मग तसं पत्र घ्या त्यांच्याकडून, आणि सोबत जोडा. आठ-दहा दिवसांत येईल."

आठ-दहा दिवस! दसरा तोंडावर होता. बाईंच्या देशात पेटी पोचली की त्या स्वतः सोडवतील, असं मी त्याला सांगितलं. त्यानं खांदे उडवले. संपर्कासाठी मी कॉलेजचा अधिकृत ईमेल दिला. माझा स्वतःचा दिला असता तरी चाललं असतं. पण कॉलेजचा पत्ता भारदस्त दिसत होता. पाच वाजायच्या आत पेटी कुरिअरवाल्याच्या हातात दिली. त्याच आठवड्यात दौलतभाऊंनाही नागपूरला आणलं होतं, त्यांच्या गालातून तुकडा काढून तपासायला. ते इस्पितळ मी उतरले त्या चौकापासून लांब नव्हतं. मी तिथे गेले नाही. शेवटची बस चुकली असती, असं मी स्वतःला सांगितलं.

पेटी समुद्रापार पोचल्याचं फोनवर दिसलं. त्या दिवशी मी दौलतभाऊंच्या घरच्या मोबाइलवर फोन केला. त्यांच्या बायकोनं, शांतावहिनींनी उचलला. पलीकडून इस्पितळातली चाकं आणि माणसं ऐकू येत होती.

"वहिनी, भाऊंना सांगा, बटनी पोचली."

"कोन पोचली?"

"बटनी. त्यांना कळेल."

त्यांनी तिथेच सांगितलं असावं. मग म्हणाल्या, "हासले ते. डॉक्टरनं बोलाले मना केलं हाय. उद्या आपरेशन हाय."

मग दिवाळी आली. कॉलेज बंद, ऑफिस बंद. बाईंचाही निरोप नाही. मी त्यांना लिहिलं. त्यांनी कळवलं की पेटी अजून विमानतळाच्या तपासणीत असेल, असं होतं कधी कधी. कॉलेज उघडलं त्या दिवशी ऑफिसातल्या बाबूंना मी कॉलेजचा ईमेल उघडायला सांगितला. त्यांनी लाडूचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि पासवर्ड लिहिलेली वही शोधली.

दोन पत्रं होती. पहिल्यात लिहिलं होतं की प्रमाणपत्रावर वनस्पतीचं पूर्ण नाव नाही. ते किंवा त्याबद्दलचा खुलासा दिलेल्या मुदतीत कळवावा. दुसरं मुदत संपल्यानंतरचं. तीन ओळींचं. उत्तर न आल्यामुळे सामान उष्णता देऊन नष्ट केलं आहे. त्यांच्या भाषेत 'सामान' हाच शब्द होता.

"चांगली बातमी ना, मॅडम?" बाबूंनी विचारलं. मी हो म्हणून बाहेर आले. हातात लाडू होता.

बाईंनी मला जे पत्र लिहिलं ते मी आजही पूर्ण वाचू शकत नाही. ज्या गोदामात पेटी पडली होती ते त्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होतं. त्यांना कोणी कळवलं नाही, कारण प्रमाणपत्रावर संपर्क म्हणून फक्त आमच्या कॉलेजचा ईमेल होता. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. शेवटी विचारलं होतं, 'तुमच्याकडे एखादं पान ठेवलंच असेल ना?'

नियम चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही. वाळलेल्या झाडातही किडीची अंडी असतात, बुरशीचे कण असतात. परमुलखातून आलेला रोग पिकांची काय दशा करतो हे मी स्वतः मुलांना शिकवते. त्या देशातल्या माणसानं आपलं काम केलं. नागपूरच्या खिडकीतल्या माणसानं तर मला वेळेवर सावध केलं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला एकही पायरी सापडत नाही जिच्यावर दुसऱ्या कोणाला उभं करता येईल.

कार्तिकात मी दौलतभाऊंच्या गावी गेले. सांगायचं की नाही याचा विचार बसमध्ये चालू होता. आजारी माणसाला 'नाव लवकरच ठेवतील' एवढं म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? पण फोनवर 'पोचली' असं मी एकदा सांगून बसले होते, आणि ते एका अर्थी खरंही होतं, आणि त्या खरेपणाचीच मला किळस आली होती.

अंगणात खाटेवर ते बसले होते. अर्धा जबडा काढलेला. नाकातून नळी. चेहरा एका बाजूला आत गेलेला आणि डोळे तेवढे पूर्वीचे. शांतावहिनी शेजारी वेचलेल्या कापसातला कचरा काढत होत्या. दौलतभाऊंनी काहीतरी आवाज केला. मला एक अक्षर कळलं नाही.

"चा घ्या म्हनतात," वहिनी म्हणाल्या. त्यांना सगळं कळत होतं.

त्यांनी पुन्हा आवाज केला.

"नाव काय ठेवलं म्हनतात."

मी सांगितलं. सगळं, क्रमानं. रकान्याचं, पत्रांचं, ईमेलचं. नष्ट केलं हे सांगताना मी 'जाळली' असा शब्द वापरला, कारण दुसरा कोणता त्यांना सरळ कळला असता? वहिनींचे हात कापसात थांबले. दौलतभाऊ ऐकत होते. माझं संपल्यावर ते बरडाच्या दिशेनं बघत राहिले. तिथून बरड दिसत नाही, मधे किती गावं आहेत. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पुन्हा उगवेल, भाऊ. पुन्हा करू आपण." हे मी कोणत्या तोंडानं म्हटलं? दोन रोपं सोडून मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं, आणि त्या दोन्हींचं बीही घडीत आलं होतं.

तेव्हा ते बोलले. बराच वेळ बोलले. नळी हलत होती, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. वहिनींनी ती पदरानं टिपली. बोलून झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. वहिनी माझ्याकडे न बघता कापूस निवडू लागल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हनतात," त्या थांबल्या. "म्हनतात, आता नोका येत जाऊ."

मी गेले नाही. माघात ते वारले. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांपासून बाबूंपर्यंत सगळे बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. गावी मयतीला गेले नाही, तेरवीलाही नाही. त्यांनी येऊ नका म्हटलं होतं, आणि मेलेल्या माणसाचं ऐकणं फार सोपं असतं.

तेव्हापासून दर भाद्रपदात पाऊस उघडला की मी बरडावर जाते. खडक तसाच आहे. पाण्याची साय तशीच सरकते. रस्ता रुंद झाला नाही, कोणी खदान काढली नाही. काही झालं असतं तर मला आधार झाला असता. नेहमीचे गेंद खालच्या ओलीत आहेत, कुठे कुठे जांभळी सीतेची आसवं आहेत, शेवाळ आहे. मी गुडघ्यावर बसून, कधी पालथी पडून फट न् फट पाहते. कडेला काजळाची रेघ असलेलं बटण नाही. बाई दोन वर्षं विचारत राहिल्या. मग त्यांची पत्रं थांबली. आता त्या आहेत की नाहीत, मला माहीत नाही. फोनमध्ये फोटो आहेत. विद्यार्थ्यांना दाखवले तर ते विचारतात, "मॅडम, इसका नाम क्या है?" मी फोन बंद करते.

यंदा मात्र बरडावर कोणीतरी होतं. खालच्या कपाशीतून निंदणाच्या बाया वर येऊन सावलीला बसल्या होत्या. त्यातली एक उठून माझ्याकडे आली. जवळ आल्यावर ओळखलं. शांतावहिनी. केस पांढरे झालेले, हातात खुरपं. मुलीच्या सासरी, लोधीखेड्याला आल्या होत्या काही दिवस, आणि इथे निंदणाला लागल्या होत्या.

"तुमी अजून शोधून राहिल्या?" त्या म्हणाल्या.

बसल्या बसल्याच मी विचारलं, "वहिनी, इथे बकऱ्या येतात का चरायला?"

"इथं काय चरतीन बकऱ्या? दगड हाय."

त्या माझ्याशेजारी खडकावर टेकल्या. कपाशीतून बाया हाका मारत होत्या. मग माझ्या तोंडून ते निघालं, जे इतकी वर्षं मी मनात फिरवत होते. एखादी फट सापडेल अशी आशा होती. आजारी माणसाचे तुटके आवाज, घाबरलेली बायको. कदाचित तिनं चुकीचं ऐकलं असेल. कदाचित ते वेगळंच काही म्हणाले असतील.

"वहिनी, त्या दिवशी भाऊ खरंच तसं म्हणाले होते? येऊ नका?"

वहिनींनी खुरपं जमिनीवर ठेवलं.

"म्हनले होते," त्या म्हणाल्या. "तसंच नाई. लय म्हनले होते. मीच कमी करून सांगितलं तुमाले."

"काय म्हणाले होते?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आजारी माणसाच्या उशाशी बसलेली बाई जशी औषधाची बाटली दूर सरकवून ठेवते, तसं काहीतरी होतं.

"तुमाले कायले पाह्यजे ते आता?"

खालून पुन्हा हाक आली. त्या गुडघ्यावर हात रेटून उठल्या, पदर खोचला आणि उतारावरून चार पावलं गेल्या. मग थांबल्या.

"ऊन लय लागून राहिलं," त्या म्हणाल्या. "डोक्यावर घ्या काही."

मी पदर डोक्यावर घेतला. त्या कपाशीत उतरल्या, बायांच्या ओळीत बसल्या, आणि पाठी वाकल्यावर त्यातली कोणती त्यांची हे मला वरून ओळखता येईना.